एका कान्याचं अंतर

मी विकर लिहिलं होतं,
टायपिस्टनं विकार केलं,
आणि अहवाल तसाच वरपर्यंत गेला :
'आमच्या प्रयोगशाळेत नवा विकार तयार झाला आहे.'
पाषाणच्या कँटीनमध्ये आठवडाभर हेच.
हर्षे सरांनी तर माझी नाडी पाहिली.

मला मात्र ती चूक आवडली.
आम्ही दुसरं काय करतो?
तीनशे बारा अक्षरांची एक ओळ,
तिच्यात कुठे काना घालायचा, कुठे मात्रा खोडायची,
आणि बघायचं, अर्थ लागतो का.
बहुतेक वेळा लागत नाही.
नळीच्या बुडाशी पांढरा गाळ.

घरी विचारतात तेव्हा विरजणाचं सांगते.
खरं तर ते चूक आहे.
विरजणात जंतू असतात, जितेजागते;
हे जिवंत नाही,
जिवंताच्या हातून सुटलेलं नुसतं हत्यार.
आत्या ऐकून घेते, म्हणते,
"म्हणजे विरजणच की."
मी दही वाढून घेते.

सहा फेऱ्या गेल्या.
शहाण्णव खळग्यांची ताटली, मग दुसरी, मग चाळिसावी.
पिवळं झालं तर जमलं.
पिवळं होत नव्हतं.
एका गुरुवारी लाइट गेली, जनरेटर खोकून बंद पडला,
तेव्हा मी आणि झुबेदा
कोरड्या बर्फाच्या पिशव्या मांडीशी घेऊन
डीप फ्रीझरबाहेर बसून राहिलो,
बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात तशा,
काही न बोलता.

सातवी फेरी. चौथी ओळ, अकरावा खळगा.
हळदीचं बोट टेकवावं एवढं पिवळं.

एकशे एकोणिसाव्या जागी
फेनिलॲलनिन होतं, तिथे ॲलनिन आलं होतं.
फेनिल गेलं. नावातलंही ओझं उतरलं.
दारातलं कपाट हलवलं, बस इतकंच;
उंबऱ्याशी अडणारा तो थोराड रेणू
आत आला, वळला,
आणि दुसराच होऊन बाहेर पडला.

मग कुरकुंभ.
हडपसर, यवत, चौफुला, पाटस,
कंपनीची जीप, मांडीवर थर्मोकोलचा डबा.
रिॲक्टरवर बबन खळदकर, एकतीस वर्षं.
डाव्या मनगटावर एकशे साठ अंशांची सही.
नाक आम्लानं नेलेलं;
आंबा पिकला की नाही, ते बायको सांगते.

चार तासांनी त्यानं हातमोजा काढला
आणि टाकीच्या पोटावर तळवा ठेवला.
काढला नाही.
"चालू आहे ना, मॅडम?"
"चालू आहे."
"मग ही माझ्याएवढीच ऊन कशी?"
मी काट्याकडे बोट दाखवलं. छत्तीस.
तो हसला नाही. हात तसाच.
एकतीस वर्षं शेजारी राहून
आज पहिल्यांदा ओळख झाल्यासारखा.

बॉयलर-घरातून इक्बाल पानसरे आला, हात पुसत.
सकाळपासून कुणी वाफ मागितली नव्हती.
त्याच्या टेबलावर, काचेत,
प्रथम श्रेणीचं प्रमाणपत्र, फोटोत केस काळे.
आमचं काय होणार, हे त्यानं विचारलं नाही.
विचारलं, "वाफ किती लागेल?"
मी म्हटलं, "टाकी धुवायला लागेल की."
"म्हणजे सोमवारी," तो म्हणाला,
आणि झडप पाव वळसा आणखी आवळून आला.

परतताना जीपमध्येच अहवाल लिहिला.
तापमान, उतारा, शुद्धता, सगळे रकाने भरले.
वाफेसमोर लिहिलं : नगण्य.
यवतपर्यंत तो शब्द वाचत राहिले.
मोजण्यात न धरावं असं.
मग खोडला. 'थोडी' लिहिलं.

टायपिस्टला सांगून ठेवलंय,
विकरचं काय करायचं ते कर,
एवढा शब्द बदलू नको.